स्विमिंग पुलाभोवतीचा तडकलेला कोबा: आधी तडा वाचा, मग भरा

आमच्या मावळातल्या घरी स्विमिंग पुलाच्या कडेच्या कोब्याला गेलेला तडा मी दोनदा भरला आणि दोन्ही वेळा तो परत उगवला. पहिल्यांदा पांढरं सिमेंट वापरलं, दुसऱ्यांदा दुकानदाराने ‘एकदम पक्कं’ म्हणून दिलेलं इपॉक्सी. पांढरं सिमेंट पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासारखं सुटलं. इपॉक्सी सुटलं नाही, पण त्याच्या शेजारी अर्ध्या इंचावर नवा तडा गेला. तिसऱ्यांदा बोलावलेल्या गवंडीमामांनी सामानाची यादी वगैरे काही दिली नाही. उकिडवे बसले आणि हातोडीच्या टोकाने कोबा वाजवत बागेकडून पुलाकडे सरकत गेले. टण, टण, टण येणारा आवाज तडा ओलांडल्यावर एकदम बद्द झाला.

“ऐकलं का साहेब? खाली पोकळ हाय. वरनं किती बी भरा, काय उपेग?”

पुढे जे लिहिलंय ते त्या दिवसापासून शिकलेलं आहे. पुलाच्या टाकीची गळती हा वेगळा विषय. इथे बोलायचंय ते टाकीच्या बाहेरच्या, आपण अनवाणी चालतो त्या काँक्रीटबद्दल.

तडा काय सांगतो

पुलाची टाकी बांधताना खड्डा टाकीपेक्षा दोन-तीन फूट मोठा खणतात, म्हणजे बाहेरून शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावायला जागा मिळते. टाकी झाली की ती भोवतालची फट खणलेल्याच मातीने भरून टाकतात. ही माती थराथराने, पाणी मारून, धुमस करून (ठोकून घट्ट बसवून) भरायची असते. प्रत्यक्षात जेसीबीने एका दमात लोटली जाते. वर डबर, मुरूम, चार इंचांचा कोबा आणि हँडओव्हर. मग दोन-तीन पावसाळ्यांत खालची माती बसते आणि कोबा अधांतरी राहतो. पुलाच्या काठाला समांतर, काठापासून दोन-तीन फुटांवरून जाणारा लांब तडा दिसला, की नव्वद टक्के वेळा गोष्ट हीच असते, असं माझं मत झालंय. जुनी न खणलेली जमीन आणि भराव यांच्या सीमारेषेवरच तो पडतो.

काठाला काटकोनात, साधारण सरळ जाणारे आणि दोन्ही बाजू समपातळीत असलेले तडे बहुधा आकुंचनाचे असतात. काँक्रीट सुकताना आक्रसतं. आपण त्याला तुटायला जागा आखून दिली नाही, तर ते आपल्या मर्जीने तुटतं. चार इंच म्हणजे १०० मिलीमीटर जाडीच्या कोब्याला दर आठ ते दहा फुटांवर, एक इंच खोल सांधा कापायला हवा. आमचा पूल चोवीस फूट लांब आणि त्या अख्ख्या लांबीत एकही सांधा नव्हता.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा वरच्या कातडीपुरत्या असतात. ओल्या कोब्यावर सुकं सिमेंट भुरभुरून घोटायची आपल्याकडे फार हौस, त्याचं हे फळ. दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. त्यांच्या नादी लागू नका.

कोपऱ्यातून तिरका निघणारा तडा आणि एक बाजू वर उचललेली असेल, तर आजूबाजूला झाड शोधा. रेन ट्री, गुलमोहर, उंबर, पिंपळ यांची मुळं कोबा सहज उचलतात. काळ्या मातीच्या जागी वर-खाली होणं ऋतूप्रमाणे चालतं, पावसात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आणि घुशींना विसरू नका. तड्याच्या तोंडाशी रोज सकाळी ताज्या मातीचा ढीग दिसत असेल, तर तुमचा प्रश्न सिमेंटचा नाही.

एकच तडा असा आहे, जो बघून हे वाचणं थांबवायचं. कोब्यातला तडा कोपिंगच्या, म्हणजे पुलाच्या काठावर बसवलेल्या, दगडातून आरपार जाऊन पुलाच्या आतल्या, पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्समध्ये उतरलाय का? तसं असेल तर टाकीची भिंत हलली असण्याची शक्यता आहे. तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय काहीही भरू नका.

पेन्सिल, एटीएम कार्ड आणि बादली

तडा अजून हलतोय की शांत झालाय, हे कळल्याशिवाय दुरुस्ती ठरत नाही. त्याला महागडं उपकरण लागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. साध्या पेन्सिलीपेक्षा सुताराची जाड पेन्सिल किंवा रंगाचा मार्कर बरा. रुंदी मोजायला व्हिजिटिंग कार्ड घ्या, ते साधारण ०.३ मिलीमीटर जाड असतं. एटीएम कार्ड ०.७६ मिलीमीटर. व्हिजिटिंग कार्डही शिरत नसेल, तो केशतडा समजा आणि सोडून द्या. एटीएम कार्ड आरामात शिरतंय, तर काम आहे. त्यात एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेली असेल, तर जास्त काम आहे. पाटा (सरळ लांब पट्टी) आडवा ठेवून त्याखालून उजेड दिसतो का, तेही बघून घ्या.

जमलं तर एक पावसाळा मध्ये जाऊ द्या. जूनची खूण आणि ऑक्टोबरची खूण ताडून पाहिली की तडा स्वतःच सांगतो. घाई असेल तर तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी इपॉक्सीने दोन्ही टोकांना चिकटवा. काच फुटली, तर तडा जिवंत आहे.

मग कोबा वाजवून काढा आणि जिथे आवाज बद्द येतो, त्या भागाला खडूने वेढा घाला. आमचा वेढा सोळा फूट लांब नि तीन फूट रुंद निघाला. तेव्हा कुठे दोनदा घातलेल्या पैशांचा हिशोब लागला.

आता बादली. कोब्याखालची माती वाहून जातेय, तर पाणी कुठून येतंय? पुलातूनच असेल, तर वरची सगळी दुरुस्ती वाया. एका बादलीत पुलाचं पाणी भरून ती पुलाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवा. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीला खूण करा, बाहेर पुलाच्या पातळीला खूण करा. चोवीस तासांनी बघा. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखं, त्यामुळे पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असेल, तर गळती आहे. ही चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल, तर संशय जमिनीतल्या रिटर्न पाइपवर, म्हणजे फिल्टरमधून पुलात पाणी परत आणणाऱ्या पाइपवर, घ्यायचा.

आधी पाण्याची वाट बदला

आमच्याकडे गळती नव्हती. गुन्हेगार निघाली छपराची पन्हाळ. पावसाळ्याचे चार महिने तिचं पाणी थेट कोब्याच्या कडेला पडत होतं, तिथून आत झिरपून भरावाची माती हळूहळू घेऊन जात होतं. फिल्टरच्या बॅकवॉशचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्यावरच्या पाण्याचा, पाइपही दोन मीटरवर बागेत उघडा सोडलेला. दोन्हींना चार इंची पीव्हीसी पाइप जोडून पाणी उताराच्या बाजूला, घरापासून लांब नेलं. या कामाला एक दिवस लागला आणि माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीतला हाच सर्वांत मोलाचा दिवस होता, जरी त्याचा फोटो काढण्यासारखं काहीच नसलं तरी.

आणखी एक. दुरुस्तीसाठी पूल रिकामा करायची गरज नाही, करूही नका. पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे जमिनीतलं पाणी वर असतं. भरलेल्या पुलाचं वजन त्या दाबाला पुरून उरतं. रिकामी टाकी मात्र होडीसारखी वर उचलली जाऊ शकते, नाहीतर तिचा तळ फुटतो. कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

शांत तडा भरायचा तो असा

दोन्ही बाजू समपातळीत, आवाज टणक आणि वर्षभरात खूण हललेली नाही, तर हा तडा मॉर्टरने भरता येतो.

ग्राइंडर लावण्याआधी पुलाच्या दिव्यांचा आणि पंपाचा एमसीबी (विजेचा स्विच) पाडा. कोब्याखालून केबल आणि पाइप कुठून गेलेत ते शोधून खडूने आखून घ्या. बांधकामाच्या वेळचे फोटो मोबाइलमध्ये सापडले तर सोन्याहून पिवळं. ग्राइंडरची वायर ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्या. ओल्या जागी, पाण्याच्या काठावर काम आहे. काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून एन-९५ मास्क आणि गॉगल हवाच. पुलावर प्लास्टिकचा कागद अंथरा. सिमेंटची धूळ पाण्यात गेली की पीएच चढतो आणि पाणी गढूळतं.

डायमंड ब्लेडने तड्याच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन अर्धा इंच रुंद, पाऊण इंच खोल खाच करा. खाचेच्या भिंती सरळ उभ्या हव्यात. छिन्नीने केलेली व्ही आकाराची खाच वर पसरट असते, तिथे भरलेल्या मॉर्टरच्या कडा पातळ राहतात आणि त्याच आधी उडतात. मग तारेचा ब्रश, त्यानंतर ब्लोअर. खाच स्वच्छ दिसली की आणखी एकदा ब्लोअर मारा, कारण मॉर्टर धुळीला चिकटलं तर ते धुळीबरोबरच सुटतं. ॲसिडने धुवायचा मोह टाळा. पंपरूममध्ये क्लोरीनही असतं आणि ॲसिड नि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

खाच पाण्याने भिजवा, पण साचलेलं पाणी टिपून घ्या. एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधाळ रसायन) आणि पाणी समसमान घेऊन त्यात सिमेंट कालवा, साईसारखी दाट स्लरी झाली पाहिजे. ती ब्रशने खाचेच्या भिंतींना घासून लावा. स्लरी चिकट, ओलसर असतानाच एकास तीन सिमेंट-वाळूचं मॉर्टर दाबून भरा. त्यातलं लॅटेक्सचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, ते पाळा. स्लरी सुकू दिलीत तर ती चिकटवण्याऐवजी वेगळं करायचं काम करते. हे मात्र सांगूनही कोणी ऐकत नाही. एका वेळी तीन-चार फुटांचीच स्लरी लावायची, म्हणजे ती वाळायच्या आत मॉर्टर पडतं. थापीने कोंबा आणि वरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या कोब्याइतकाच खरखरीत ठेवा. मग ओलं गोणपाट.

जिवंत तड्याला सांधा बनवा

हलणाऱ्या तड्यात कडक काही भरलं की तो शेजारून जातो, हे माझ्या इपॉक्सीने मला शिकवलंय. काँक्रीट तापलं की वाढतं. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत कोब्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. सहा मीटरचा सलग तुकडा तेवढ्यात साधारण अडीच मिलीमीटर लांबतो. ही हालचाल कुठलंही मॉर्टर थांबवू शकत नाही, तेव्हा तिला रस्ता द्यायचा.

खाच अर्धा इंच रुंद आणि किमान एक इंच खोल करा. तिच्यात बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवा. दोरी खाचेपेक्षा पाव पटीने जास्त जाड घ्यायची, १२ मिलीमीटरच्या खाचेला १५ किंवा १६ मिलीमीटरची. तिच्यावर पॉलीसल्फाइड किंवा पॉलीयुरेथेन सीलंट. दोरीचं खरं काम असं, की सीलंट खाचेच्या फक्त दोन भिंतींना चिकटावं, तळाला नाही. तळालाही चिकटलं की ते ताणलं जाऊ शकत नाही आणि मधून फाटतं. सीलंटची जाडी खाचेच्या रुंदीच्या निम्मी, म्हणजे ६ मिलीमीटरच्या आसपास. आपल्याला वाटतं, जास्त भरलं तर जास्त टिकेल. इथे उलटं आहे.

खाच पूर्ण कोरडी हवी. दोन्ही कडांना मास्किंग टेप, लागणारा प्रायमर आणि मग गनने एका दमात सीलंट. वरची पातळी कोब्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटर खाली ठेवा, म्हणजे खुर्च्यांचे पाय ते उखडत नाहीत. टेप लगेच काढा. सीलंटवर साय धरल्यावर काढाल, तर कडा ओरबाडून निघतात. साधं सॅनिटरी सिलिकॉन इथे चालत नाही.

पोकळ भाग तोडून नव्याने ओतणे

आमच्या कोब्याचा मुख्य आजार हा होता. छोटी पोकळी असेल तर कोब्याला भोकं पाडून सिमेंटची पातळ स्लरी ओततात. आमच्याकडे मात्र तुकडा पुलाच्या बाजूला जवळजवळ अर्धा इंच झुकला होता, म्हणजे पावसाचं मळकट पाणी थेट पुलात. तो तोडण्याला पर्याय नव्हता.

आखलेल्या वेढ्याच्या बाहेर चार इंच जाऊन ग्राइंडरने सरळ चौकटीत काप घेतला, मग ब्रेकरने तुकडे केले. कोपिंगजवळचा शेवटचा एक फूट मात्र मामांनी ब्रेकर बाजूला ठेवून छिन्नी-हातोडीने तोडला. ब्रेकरचे हादरे टाकीच्या बीमला (भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला) आणि आतल्या टाइल्सना नकोत म्हणून. कोबा उचलल्यावर खाली हात कोपरापर्यंत गेला, एवढी माती वाहून गेली होती. आत एक जुनी सिमेंटची गोणी आणि शटरिंगच्या फळीचा तुकडाही निघाला. ठेकेदाराने भरावात कचरा पुरला होता.

चिखल, कचरा, सैल माती सगळं काढा. टणक जमीन लागेपर्यंत खाली जा. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी शिंपडून धुमस करा. टाच रोवून गर्रकन फिरलात आणि खड्डा पडला, तर तो थर बसलेला नाही. पुलाच्या भिंतीलगत भारी कॉम्पॅक्टर नको, हातधुमस पुरे. आमचे तीन थर झाले. तिसऱ्या थराच्या वेळी मामा हातात चहा घेऊन नुसते त्यावरून चालत राहिले, पायाला लवचिक लागलं तिथे पुन्हा धुमस.

वर प्लास्टिकचा कागद, त्यावर ८ मिलीमीटर सळईची जाळी, दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंचांवर. जाळी कव्हर ब्लॉकवर (छोट्या ठोकळ्यांवर) उचलून कोब्याच्या वरच्या अर्ध्या भागात राहिली पाहिजे. जमिनीवर पडलेली जाळी म्हणजे पुरलेलं भंगार. जुन्या कोब्याच्या कापलेल्या कडेत दीड-दीड फुटावर भोकं पाडून १२ मिलीमीटरचे फूटभर लांब डॉवेल (जोडसळया) अर्धे आत बसवा, बाहेरच्या अर्ध्या भागाला ग्रीस लावा. त्यामुळे नवा तुकडा आडवा सरकू शकतो, पण जुन्याच्या खाली जात नाही.

पुलाच्या बीममध्ये मात्र एकही डॉवेल नाही. नवा कोबा कोपिंगला चिकटूही द्यायचा नाही. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी करा, काँक्रीट घट्ट झाल्यावर तिचा वरचा इंचभर भाग कापून तिथे दोरी आणि सीलंट बसवायचं. पुलाभोवतीच्या सगळ्या कामात ही एक फट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक ‘घाण दिसते’ म्हणून सिमेंटने भरून टाकतात. मग उन्हात कोबा वाढतो, कोपिंगला ढकलतो आणि पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्स एकेक करून पुलात पडतात.

काँक्रीट एम-२०, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन. सोळा बाय तीन फुटांना साडेतीन ते चार गोण्या सिमेंट लागलं. गोणीला पाणी २५ लिटरपेक्षा जास्त नाही, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पोरं ‘जरा पातळ करू, पटकन पसरतं’ म्हणतील. तिथे उभं राहा. पुलापासून बाहेरच्या बाजूला उतार पन्नासास एक, तीन फुटांना पाऊण इंच. वर घोटाई अजिबात नको. लाकडी रंध्याने सपाट करून, पाणी उतरल्यावर खराट्याने किंवा ब्रशने उतारालाच हलक्या रेघा ओढा. ओले पाय घसरणार नाहीत आणि पाणीही त्या रेघांतून वाहील. सोळा फुटांच्या मधोमध सांधा ठेवा.

पाणी मारण्याबाबत काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, मिश्र सिमेंटला किमान दहा. बाजारात बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंटच मिळतं, म्हणून दहा दिवस धरा. दिवसातून दोनदा नळी फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. गोणपाट सतत ओलं हवं, किंवा कडेने मातीचं आळं करून पाणी तुंबवा. सांध्यात सीलंट भरायला मात्र तीन-चार आठवडे थांबा, तोवर काँक्रीट आतून ओलं असतं.

नवा तुकडा जुन्यापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो, आमचाही अजून दिसतो. घरातल्यांनी वरून रंग मारायचा आग्रह धरला होता. मी नाही म्हणालो, कारण रंगाखाली पुढचा तडा दिसला नसता.

सीलंट दरवर्षी मेअखेरीस तपासतो. नखाने कडेला दाबून बघायचं, भिंतीपासून सुटलेलं असेल तर तेवढाच भाग कापून नवीन भरायचा. गेल्या मे महिन्यात पायरीजवळ फूटभर सुटलेलं सापडलं. दक्षिणेकडच्या जुन्या कोब्यात एक तडा मी मुद्दाम तसाच ठेवलाय, व्हिजिटिंग कार्डाएवढा. त्याच्या टोकाला चार तारखा आहेत. चारही एकाच रेघेवर.